अनवाणी फोटो

"पोरांना बूट भिंतीआड ठेवायला लावलेत," पाळकसाहेब कॅमेऱ्याची काच पुसत म्हणाले. "अनवाणी पाय दिसले की नगरची मंडळी देणगी देताना हात आखडता घेत नाही."

सुवार्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राहुरीहून आफ्रिकेतल्या मलावीत येऊन वर्षभर ती मिशनच्या शाळेत या चिमुरड्यांना इंग्रजी शिकवत होती. नवे बूट मिळालेलं पोर सगळ्यांत आधी तिलाच पाय दाखवायचं.

लहानपणी तिचाही असाच फोटो निघाला होता. गोऱ्या पाहुण्यांसाठी तिलाही आईनं आणलेले नवेकोरे सँडल भिंतीआड काढायला लावले होते. सँडल कुणीतरी पळवले. फोटो अजून राहुरीच्या चर्चच्या भिंतीवर आहे.

"साहेब, तुमच्या नातीचा फोटो असा अनवाणी काढाल?"

"मिशनच्या कामात मान वाकवायला शिकावं, बाई."

पोरांकडे वळून तिनं सकाळीच शिकवलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं, "पुट ऑन युअर शूज."

पोरं भिंतीआड पळाली नि बूट घालून परतली. मग सुवार्तानं मान वाकवली, ती पोरांच्या पायांशी. मातीत बसून तिनं एकेका बुटाची नाडी सावकाश बांधली. शेवटची गाठ बसेपर्यंत पाळकसाहेब उन्हात उभे होते.

"आता काढा फोटो," ती म्हणाली.