आरतीतला सूर

नव्व्याण्णव साली इस्लामपुरात मोबाईल आले, तेव्हा बटणं दाबून त्यांच्या रिंगटोनला देवीच्या आरतीची चाल बसवून देणारा मी एकटाच पेटीमास्तर होतो. दहा-बारा जणांनी पैसे देऊन ती बसवून घेतली. गावगुंड हिंदुरावकडे पैसे मागितले, तर त्याने माझी करंगळी पेटीच्या झाकणाखाली धरली आणि झाकण दाबलं.

"बटणं दाबाय एकच बोट लागतं, मास्तर. तुमच्याकडं अजून नऊ हाईत."

मी फुकट बसवून दिली.

महिन्याभरात आमच्या गल्लीतल्या आक्काताईच्या नवऱ्याला उसात कोयत्यांनी तोडलं. मारेकऱ्यांनी तोंडं बांधली होती. सरीत लपलेल्या आक्काताईला एकाच्या खिशात वाजलेली आरती तेवढी ऐकू आली.

"फौजदार म्हनत्यात, ती आरती लय जणांच्या मोबाईलवर हाय," ती म्हणाली. "मास्तर, समद्यांना तुमीच घालून दिलीया. कुनाची ती, वळखाल का?"

"म्हणून दाखवा."

ती गुणगुणू लागली आणि दुसऱ्या ओळीत थांबली. "हितं चुकतंय माजं. ल्हानपनापास्नं म्हनती मी, पर त्या दिवसापास्नं ह्यो सूर वाकडाच लागतोय. तितं तसाच वाजला व्हता."

मी करंगळीकडे पाहिलं. ती चेपली त्या दिवशी मला एवढाच सूड जमला होता. हिंदुरावच्या आरतीत मी एक सूर मुद्दाम चुकीचा घातला होता, आणि त्याला तो कधीच कळला नव्हता.

"तुमचं चुकत नाही, आक्काताई," मी म्हणालो आणि चपला शोधू लागलो. "चला फौजदारांकडे."