शून्याभोवतीचा लाल गोल

कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या एकाच कंपायलरच्या भरवशावर राहू नये म्हणून टीमच्या प्रमुख ताईंनी दोन वर्षं खपून ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, दुसऱ्या कंपायलरवरही बिल्ड करून दाखवला. नवा भलताच चिकित्सक. जुना काणाडोळा करायचा, तिथे हा ‘इथे चूक असू शकते’ अशी वॉर्निंग द्यायचा. कुणाच्या फाइलीत किती वॉर्निंग उरल्या याचा तक्ता भिंतीवर होता. धाकट्या इंजिनिअरच्या शून्याभोवती ताईंनी लाल गोल काढलेला. पण त्याने काही निस्तरलंच नव्हतं. एक ओळ घालून कंपायलरचं तोंड तेवढं बंद केलं होतं. काल नव्या कंपायलरचा कर्नल घातलेल्या यंत्रांनी धडाधड माना टाकल्या. “काढून टाका तो नवा कंपायलर, नसती ब्याद!” साहेब कडाडले. खोट आपल्याच फाइलीत, हे ठाऊक असूनही धाकटा मिठाची गुळणी धरून बसला. ताईंनी तक्ता उतरवून त्याच्या हातात दिला. “तूच ठेव. एवढ्या जणांत तुझ्याच फाइलीने कधी छळलं नाही.”