मोकळेपणाने बोला

आंबीच्या कारखान्यातली दुसरी पाळी सुटायची, तोवर आंदर मावळात जाणारी शेवटची एसटी निघून गेलेली असायची. कैलास रोज अंधारात डोंगरवाटेने घरी चालत जायचा. पाळी बदलून द्या म्हणून तो वर्षभर सुपरवायझरच्या मागे लागला होता. शेवटी वैतागून त्याने राजीनामा दिला.

त्याच दुपारी एचआरच्या अरुंधती मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला.

"कैलास, आमचं कुठे चुकलं? अगदी मोकळेपणाने बोला."

इतक्या आपुलकीनं त्याला तिथं कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. मॅडमनी तिथल्या तिथे फोन करून त्याची पाळी बदलून दिली, त्याने राजीनामा मागे घेतला. चांगला माणूस टिकवला म्हणून मालकांनी मॅडमचं कौतुकही केलं.

सोमवारी मॅडम आल्या, तर केबिनबाहेर अख्खं पॅकिंग खातं राजीनामे घेऊन उभं. मॅडमचा चेहराच उतरला.

सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या लीलाबाई हळूच म्हणाल्या,

"घाबरू नका मॅडम, सोडून कुनालाच जायचं न्हाई. आमाला बी जरा बोलायचं हाय."