मगरीचं निवडुंग

अक्षर न् अक्षर खरं आहे, बरं का! यात तसूभरही खोटं निघालं, तर माझी उरलेली एक दाढ आत्ता इथे गळून पडो.

सेकंदरावांनी निवडुंगाला बोट लावलं आणि बोट सरळ आत गेलं. पिकल्या केळ्यात जावं तसं. मग अख्खं निवडुंग कुंडीतच आडवं झालं.

"मेलो," सेकंदराव म्हणाले.

सेकंदराव घड्याळं दुरुस्त करायचे. घरातच, खिडकीपाशी बसून, डोळ्याला भिंग लावून. वेळेचे इतके पक्के की खरं नाव सगळे विसरून गेले. अख्खं गाव डोळे मिटून त्यांच्या हातात घड्याळ द्यायचं. बायको मात्र चाळीस वर्षांत त्यांच्या भरवशावर काही सोडायची नाही. मुलीच्या बाळंतपणाला दोन महिने जायची वेळ आली, तेव्हा काचेच्या हंडीतले मासे तिने शेजारणीकडे दिले, कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून नेल्या, आणि नवऱ्यावर सोपवलं फक्त निवडुंग. ते कुणाच्या हातून मरत नाही म्हणून.

"अहो, पंधरा दिवसांनी एक चमचा पाणी. चमचा म्हणजे चमचा."

"एवढं कळतं गं मला."

कळत होतंच. पण रोज आठच्या ठोक्याला पन्नास घड्याळांना चावी देणारा माणूस. पंधरा दिवस दम कसा निघावा? घड्याळांना चावी दिली की निवडुंगाला चमचा. त्यात घर रिकामं. बोलायला दुसरं होतं कोण? दुपारी त्याच्याशी चार शब्द बोलले, की पुन्हा एक चमचा. लाडाने जीव गेला बिचाऱ्याचा.

नवं आणावं, तर बायकोने हे अंगठ्याएवढं होतं तेव्हापासून अकरा वर्षं वाढवलेलं. मान उजवीकडे कललेली, बगलेत एक पिल्लू. तिला ते तोंडपाठ होतं. तस्संच दुसरं मिळायचं कुठे? आणि जिवंत झाड काही आपल्याला हवं तसं वाकत नाही.

तेवढ्यात त्यांना माळ्यावरचा डबा आठवला. सुट्टीला आलेली नात मागे ठेवून गेलेली. एकात एक टक् करून बसणारे ठोकळे.

झालं! निवडुंगाचा फोटो समोर ठेवला, भिंग चढवलं, चिमटा उचलला. मान नेमकी कलावी म्हणून आत घड्याळाची स्प्रिंग बसवली. घड्याळं पुसायच्या ब्रशाचे केस कापून काटे लावले. चौथ्या दिवशी हिरवे ठोकळे संपले. सेकंदरावांनी मुलीच्या फोनवर नातीला गाठलं.

"बबडे, तुझ्या ठोकळ्यांचं निवडुंग करतोय. आजीचं गेलं गं. हिरवे संपले. आणि हे बघ, आजीला बोलायचं नाही."

पलीकडे जरा खुसपुस झाली.

"आजोबा, माझी ठोकळ्यांची मगर आहे ना कपाटावर? ती फोडा."

"अगं, आठवडाभर खपून केलीस ती!"

पुन्हा खुसपुस.

"फोडा हो. मगर काय, पुन्हा होईल."

मगर फोडली. तीन आठवडे ते एवढंच करत होते. गिऱ्हाईक दारात यायचं, "माझं घड्याळ?" "निवडुंग झालं की!" त्या महिन्यात गावात किती वाजले हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक कोंबडा आरवला की उठायचे आणि भूक लागली की जेवायचे.

शेवटी निवडुंग उभं राहिलं. हुबेहूब. डब्याच्या तळाशी एकच गुलाबी ठोकळा उरला.

अकरा वर्षांत त्या निवडुंगाला एकदाही फूल आलं नव्हतं. बायको रोज सकाळी लांबूनच नजर टाकायची आणि म्हणायची, "यंदा तरी?"

सेकंदरावांनी गुलाबी ठोकळा वर लावला. काढला. फूल नसेल, तर ती लांबूनच बघेल. तिला लांबचं धूसर दिसतं, सगळं निभावून जाईल. फूल दिसलं, तर नाक टेकवून बघणार आणि चोरी उघडी पडणार. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही सोपवलं होतं, तेही घालवलं म्हणेल.

ठोकळा पुन्हा लावला. आणि राहू दिला.

बायको आली. पिशवी खांद्यावरच, तशीच खिडकीशी गेली. सेकंदराव भलत्याच डोळ्याला भिंग लावून बसले.

"अहो! फूल आलं?"

"आलं की."

"अकरा वर्षं मी जीव टाकला, मला नाही दाखवलं. आणि तुम्हाला दोन महिन्यांत?"

"पाणी वेळेवर घातलं ना."

तिने डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात एक मधमाशी आली, फुलावर बसली, आणि शिव्या देत निघून गेली. बायकोने चमचाभर पाणी घातलं. तिला काही म्हणजे काही कळलं नाही. सेकंदरावांनी असा श्वास सोडला, की शेजारणीकडचे मासे दचकले.

सहा वर्षं झाली. फूल काही गळत नाही. ती पंधरा दिवसांनी चमचा घालते आणि तिची पाठ वळली की ते कुंडीखालच्या बशीतलं पाणी पुसून घेतात.

आता असे बघताय म्हणून सांगते. मधमाशी खरी. मासे दचकले तेही खरं. एकच गोष्ट मी पदरची घातली, "तिला काही कळलं नाही" ही. मगर फोडायचं त्या पोरीच्या कानात कुणी सांगितलं असेल? बाळाची दुपटी घडी करत मीच बसले होते शेजारी.

हळू हसा, ते आत आहेत.

फूल मात्र मी नव्हतं सांगितलं.