हरकतकाकांची साक्ष

"ओला आहे," साहेब म्हणाले. मुलीचा टूथब्रश त्यांनी खिडकीपाशी उजेडात धरला होता.

"सकाळी दात घासल्यावर होतोच हो ओला," आई म्हणाली.

"बेल वाजली की पण ओला करतात, बाई. मागच्या घरी चार ब्रश ओले होते आणि पेस्ट अजून न फोडलेली!"

साहेब पडताळणी खात्याचे. मेडिकलला इथल्या मुलांसाठी वेगळ्या जागा होत्या आणि अट एकच, सलग तीन वर्षं इथं राहिलेलं पाहिजे. बाहेरच्यांच्या यादीत मुलीच्या मार्कांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. इथल्यांच्या यादीत ती शेवटून का होईना, पण बसत होती. यादी संध्याकाळी बंद होणार होती, आणि घर होतं मामाच्या नावावर, म्हणून ही घरी येऊन तपासणी.

"शाळेचा दाखला दिलाय की," मुलगी म्हणाली.

"शाळेत नाव सगळ्यांचंच असतं गं. घरात माणूस असतो का, ते बघायला मला पाठवतात. शेजारी कोण आहे? एकाची साक्ष चालेल."

समोरच्या मावशी केव्हाच्या दाराला कान लावून उभ्या होत्या. त्या घुसल्याच.

"मी देते ना साक्ष! अहो, माझ्या डोळ्यांदेखत जन्मली ही. आंघोळ मीच घालायचे!"

"ही माणसं तीन वर्षांपूर्वी आली, असं ह्यांनीच लिहून दिलंय."

"हो का?" मावशी जरा थांबल्या. "मग तीन वर्षांपूर्वी घातली असेल."

"मी पंधरा वर्षांची होते, मावशी!"

आईनं मावशींचा हात धरून त्यांना शिलाई मशीनच्या स्टुलावर बसवलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मुलीचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात जिना धाडधाड वाजला. आईनं डोळेच मिटले. खालच्या मजल्यावरचे हरकतकाका! नाव बिल्डिंगनं ठेवलेलं. वर सुई पडली तरी त्यांची हरकत. आता होतं नव्हतं तेही बुडालं.

"काय लावलंय काय वर? किती माणसं नाचताहेत?" काका दारात येऊन गरजले. मग त्यांना साहेबांच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसलं, हातातला कागद दिसला, आणि चेहरा असा उजळला, जणू लॉटरी लागली. "आलात? आलात एकदाचे! अर्ज करकरून बोटं झिजली माझी!"

साहेबांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. काकांकडे नीट पाहिलं. तोंड मिटलं, आणि पेनाचं टोपण काढलं.

"बोला. ह्या मुलीला ओळखता?"

"ओळखतो? सोसतो!"

"कधीपासून?"

"आले त्या दिवसापासून! तीन वर्षं झाली गेल्या महिन्यात. कपाट चढवताना माझ्या दाराशेजारचं प्लास्टर उडवलं, चला दाखवतो. मग हिची खुर्ची. पहाटे सरकते, रात्री सरकते. आणि पाठांतर! कवटीची हाडं, साहेब! परीक्षा हिची झाली, हाडं माझ्या डोक्यातून जात नाहीत. फ्रॉन्टल, परायटल, टेम्पोरल, ऑक्सिपिटल, ते हे..."

"स्फीनॉइड," मुलगी हळूच म्हणाली.

"हां, स्फीनॉइड! महिनाभर जीभ वळत नव्हती हिची. मी खालून ओरडून सांगितलंय, आधी स्फी म्हण, मग नॉइड म्हण!"

साहेबांचं पेन पळत होतं. "सुट्टीत तरी गावाला जात असतील?"

"कुठले! जगातली माणसं सुट्टीत बाहेर जातात. ही एक दिवस घर सोडेल तर शपथ! ताप आला तरी इथंच, दिवाळी आली तरी इथंच. तीन वर्षांत मला एक दुपार झोप नाही."

"म्हणजे सलग?"

"सलग म्हणजे काय, अखंड! लिहा, अखंड लिहा."

"लिहिलं. इथं सही."

"एक कशाला, दोन करतो."

काकांनी झोकात सही ठोकली. साहेबांनी कागद फुंकून वाळवला.

"झालं काम. मुलगी इथलीच. मेडिकलच्या यादीत नाव जाईल संध्याकाळपर्यंत."

"मेडिकल?" काका म्हणाले. "तुम्ही आवाजाच्या खात्याचे ना?"

"नाही हो. रहिवासाच्या."

काकांनी साहेबांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग त्यांना एकदम आशा वाटली. "म्हणजे आता ही हॉस्टेलवर जाणार?"

"हॉस्टेल कशाला?" स्टुलावरून मावशींनी आनंदानं टाळी वाजवली. "कॉलेज तीन स्टॉपवर! घरूनच जाईल की पाच वर्षं!"

काका खुर्चीत बसले. तीच ती खुर्ची. करकरली.

साहेबांनी घसा साफ केला. "हे बघा, गैरसमजातून सही झाली असेल तर माझं काम आहे सांगायचं. साक्ष मागे घेता येते. आत्ता म्हणालात तर आत्ता खोडतो."

आईच्या हातातलं शिवणाचं कापड चुरगळून त्याचा बोळा झाला होता. मुलगी काकांकडे बघत होती.

"मागे घेऊ?" काका ताडकन उठले. "मी? अहो, उभ्या आयुष्यात एक तक्रार मागे घेतली नाही मी!"

मुलीनं किंचाळून उडी मारली. पुन्हा मारली. मग आईनं मारली, मावशींनी मारली. जमीन दणाणली, मशीनवरची कात्री खणकन खाली पडली.

"बघा! बघा!" हरकतकाका साहेबांच्या कागदावर बोट आपटत ओरडले. "हेही घ्या लिहून!"