जास्वंदीचा फोटो

शंकर नगरच्या बगिच्यात सकाळी फिरायला येणाऱ्या बायांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. वनमाला आणि अपर्णा, दोघीही त्यावर रोज फुलांचे फोटो टाकायच्या. झाड तेच, फूल तेच, पण वाहवा सगळी अपर्णाची. वनमालाच्या फोटोला फार तर एखादा अंगठा.

चैत्रातल्या एका सकाळी वनमाला सगळ्यांच्या आधी आली आणि तिनं जास्वंदीचं झाड ओरबाडून रिकामं केलं. एक फूल ऐटीत केसात खोवलं, बाकीची पिशवीत भरली.

अपर्णा आली आणि झाडापाशी थबकली. "सारेच फुलं तोडले काय तू?"

"देवाले पाहिजेत न. तू काढ आता पानांचे फोटो."

अपर्णानं मोबाईल उचलला आणि वनमालाचाच फोटो काढला.

वनमाला घरी पोचेपर्यंत तो ग्रुपवर आला होता. केसात लाल फूल, गालावर कोवळं ऊन. इतकी सुंदर ती आरशातही कधी दिसली नव्हती.

खाली एकामागून एक बाया लिहीत होत्या, "अपर्णा, जादू आहे बाप्पा तुह्या हातात."