चोवीसपट

भुलीच्या बंदुकीवर चारपट मोठं दाखवणारी दुर्बीण बसवा, असं मी वनखात्याच्या ऑफिसला तीनदा लेखी कळवलं होतं. एकाच ठरलेल्या मापाची, आत लाल खूण उजळणारी. बिबट्याला भूल द्यायची ती वीस पावलांवरून आणि दिवेलागणीला. तिथे मापं फिरवत बसायला वेळ कुणाला असतो?

साहेबांनी एकाच ठरलेल्या मापाची, लाल खुणेचीच घेतली. पण चोवीसपटीची! खुर्चीतूनच खिडकीबाहेर रोखून मला म्हणाले, "अहो, टाकीवरच्या कावळ्याचा डोळा दिसतोय! चारपट काय घेऊन बसलात?"

काल संध्याकाळी बिबट्या शाळेच्या पटांगणात शिरला. मी दुर्बिणीत त्याला शोधतोय तोवर त्याने आमच्या ड्रायव्हरचा खांदा फाडला आणि भिंतीवरून पसार झाला.

आज दवाखान्यात, ड्रायव्हरच्या खाटेशी बसलो असताना साहेबांचा मेमो हातात पडला. 'इतकी ताकदवान दुर्बीण देऊनही नेम का साधला नाही, याचा तात्काळ खुलासा करावा.'

मेमोच्या पाठीवरच खुलासा खरडला आणि शिपायाच्या हातात कोंबला.



"साहेब, दुर्बीण झकास आहे. बिबट्या काही दिसला नाही, पण त्याच्या अंगावरचे तीन ठिपके अगदी डोळ्यात भरले."